पत्र डॉक्टरांना, टपाल पेशंटच्या हातात : रिपोर्ट समजावणाऱ्या अ‍ॅपची समीक्षा

भिवंडीत आरोग्यावर व्याख्यान म्हटलं की डॉक्टर बोलणार, असं आपण गृहीत धरतो. म्हणून आधीच सांगतो, आमच्यात एकही डॉक्टर नाही. आम्ही चौघं आहोत. दोघं डिझाइनचं काम करतात, एकाने बरीच वर्षं लॅबमध्ये नमुने तपासले आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत. माइकवर एकच जण असला तरी मजकूर चौघांचा आहे, म्हणून 'आम्ही'.

आजचा विषय आहे मेडिकल रिपोर्ट समजावून सांगणारी मोबाइल अ‍ॅप. त्यांची जाहिरात होते, त्यांना तारे मिळतात, पण समीक्षा होत नाही. कथासंग्रहावर आपण चार पानं लिहितो. ज्या चार ओळी वाचून माणूस औषध घ्यायचं की नाही ते ठरवतो, त्या ओळी कशा लिहिल्यात हे मात्र कुणी बघत नाही. ते आज बघू.

सुरुवात एका रिपोर्टपासून करतो. यंत्रमागावर काम करणारा एक तरुण. बारा तासांची पाळी, खोलीत सहा-सात जण, जेवण भिसीत. बरेच आठवडे खोकला होता, वजन उतरत होतं. बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली. त्या रिपोर्टवर निकालाच्या दोन ओळी असतात. याच्या रिपोर्टवर पहिली ओळ होती, 'एमटीबी डिटेक्टेड लो'. दुसरी होती, 'रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड'. ज्यांना हे वाचता येतं त्यांच्यासाठी अर्थ सरळ आहे. टीबीचे जंतू सापडले आहेत, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देणार नाहीत असं दाखवणारी खूण सापडलेली नाही. म्हणजे आजार आहे आणि नेहमीच्या औषधांनी तो बरा होण्याची चांगली शक्यता आहे.

खोलीतल्या मित्राने रिपोर्टचा फोटो काढला आणि एका अ‍ॅपमध्ये टाकला. अ‍ॅपने पहिल्या ओळीपुढे 'लो' लिहून पिवळा ठिपका दिला आणि दुसऱ्या ओळीपुढे हिरवी टिकली. 'लो' म्हणजे थोडंसं. हिरवं म्हणजे ठीक. 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे नाही सापडलं. तो आम्हाला नंतर म्हणाला, "नॉट डिटेक्टेड लिखा था ना भाई, तो हमने सोचा नहीं है." तो गावी निघून गेला.

यात अ‍ॅपने एकही चुकीचा शब्द लिहिलेला नाही, हे लक्षात घ्या. 'लो' हा शब्द रिपोर्टमध्येच होता. तो नमुन्यात जंतू किती सापडले ते सांगतो, आजार सौम्य आहे असं सांगत नाही. 'नॉट डिटेक्टेड' हेही रिपोर्टमध्येच होतं. शब्द सगळे बरोबर होते, पण पेशंटला मिळालेला अर्थ उलटा होता. आमच्या मते हा योगायोग नाही. या अ‍ॅपची घडणच अशी आहे की हे होणार.

कारण लॅबचा रिपोर्ट मुळात पेशंटसाठी लिहिलेलाच नसतो. ते लॅबने डॉक्टरांना लिहिलेलं पत्र आहे. दोघांची भाषा एक, शिक्षण एकाच प्रकारचं, म्हणून पत्र त्रोटक असलं तरी चालतं. पेशंट इथे पोस्टमन असतो. पाकीट नेऊन द्यायचं, एवढंच त्याचं काम. मोबाइल आला आणि पाकीट पोस्टमनच्या हातात उघडं पडलं. हे वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. शरीर त्याचं आहे, पत्रही त्याचंच असायला हवं. पण अ‍ॅप काय करतं? तेच पत्र घेतं, त्याला रंग देतं, अवघड शब्दांना तळटीपा लावतं आणि म्हणतं, 'समजावून सांगितलं'. पत्ता मात्र बदलत नाही. मजकूर अजूनही डॉक्टरांनाच उद्देशून असतो.

आता रंगांकडे येऊ. जवळजवळ सगळी अ‍ॅप एक युक्ती वापरतात. मर्यादेच्या आत असेल तर हिरवं, बाहेर असेल तर लाल. ही मर्यादा कुठून येते? बऱ्याच तपासण्यांमध्ये निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि मधली ९५ टक्के माणसं जिथे बसतात त्या पट्ट्याला 'नॉर्मल' म्हणतात. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं व्याख्येनेच बाहेर पडतात. आता 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घ्या. त्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या आहेत असं समजू. प्रत्येक वेळी आत राहण्याची शक्यता ०.९५. वीस वेळा गुणाकार केला की उरतात साधारण ०.३६. म्हणजे शंभर धडधाकट माणसांनी ही तपासणी केली तर चौसष्ट जणांच्या रिपोर्टमध्ये एखादी तरी लाल ओळ येणार. खऱ्या तपासण्या एकमेकांशी थोड्याफार बांधलेल्या असतात, त्यामुळे आकडा बदलेल, मुद्दा बदलणार नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मर्यादा वेगळ्या असतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ या सीमा आजार ठरवण्यासाठी, धोका बघून आखलेल्या आहेत. 'बहुतेकांचं एवढं असतं' ही एक गोष्ट आणि 'यापुढे धोका आहे' ही दुसरी. अ‍ॅप दोन्हींना एकच लाल रंग देतं. वाचणाऱ्याला फरक कळायला काही मार्गच राहत नाही.

हिमोग्लोबिनचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीप्रमाणे गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. एका ताईंचं ११.६ आहे, शेजारच्या ताईंचं ६.९. पहिलीने डॉक्टरांशी निवांत बोलून खाण्याकडे आणि गोळ्यांकडे बघायचं आहे. दुसरीने आजच दवाखाना गाठायचा आहे. दोघींच्या फोनवर मात्र तेच लाल 'एल'. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चाळीतल्या निम्म्याहून जास्त घरांत लाल दिवा लागलेला असेल, तर त्या दिव्याकडे कोण बघणार? 'सगळ्यांचंच कमी असतं गं' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय! त्या वाक्यात ६.९ वालीही झाकली जाते.

हिरव्याची अडचण आणखी वेगळी. समजा, एखाद्याचं क्रिएटिनिन गेल्या वर्षी ०.६ होतं, यंदा १.२ आहे. दोन्ही आकडे बहुतेक लॅबच्या मर्यादेत बसतात, म्हणून दोन्हीवर हिरवी टिकली. पण आकडा दुप्पट झालाय, आणि किडनीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते आधी हेच बघतील. टिकली बघून माणूस पान उलटतो.

मग करायचं काय? याचं उत्तर आम्हाला आधी कापडात सापडलं. आपल्या गावात कापड तपासायला भिंग लावून इंचात पिक किती ते मोजतात. आम्ही एका जुन्या कारीगरांना रिपोर्ट दाखवला, मर्यादा समजावायला लागलो, तर तेच म्हणाले, "म्हणजे पिकसारखं. एखादा इकडेतिकडे झाला तर कुणी बोलत नाही. पाच-सहा कमी भरले की व्यापारी पैसे कापतो. आणखी कमी असेल तर माल परत." बघा, या माणसाला मर्यादा कळते, सूट कळते, आणि कुठल्या टप्प्यावर काय होतं हेही कळतं. रिपोर्टने त्याला फक्त पहिली रेघ दाखवली होती. पैसे कुठे कापले जातात आणि माल कुठे परत जातो, त्या रेघा दाखवल्याच नव्हत्या.

हीच गोष्ट अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ब्रायन झिकमंड-फिशर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने तपासली. आकडे तक्त्याऐवजी आडव्या पट्टीवर दाखवायचे, आणि त्या पट्टीवर आणखी एक खूण करायची, 'इथपर्यंत बरेच डॉक्टर काळजी करत नाहीत'. एवढ्याने मर्यादेच्या जरासं बाहेर असलेल्या आकड्यांमुळे होणारी विनाकारण घाई कमी झाली. त्याही आधी, २०१० मध्ये, 'वायर्ड' मासिकाने डिझायनरांकडून रक्ततपासणीचे रिपोर्ट नव्याने मांडून घेतले होते आणि त्यात 'पुढे काय करायचं' याला जागा होती. म्हणजे कल्पना दीड दशक जुनी आहे. तरी आजचं सरासरी अ‍ॅप लाल-हिरव्यावरच थांबतं.

का थांबतं? एक कारण सोपं आहे. रंग देणं यंत्राला स्वस्त पडतं. दुसरं कारण जरा बोचरं आहे. लाल ओळीखाली अनेकदा एक बटण असतं, 'पुन्हा तपासणी बुक करा' किंवा 'हे पॅकेज घ्या'. ज्याला तपासण्या विकायच्या आहेत त्यानेच लाल कुठे द्यायचं हे ठरवलं, तर तो रंग जपून का वापरेल? आम्ही कुणाच्या हेतूवर बोलत नाही. समजावणारा आणि विकणारा एकच असला की समजावण्याचा सूर बदलतो, एवढंच सांगतोय.

आता भाषा. भिवंडीत मराठी आहे, उर्दू आहे, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्यांची हिंदी आणि भोजपुरी आहे, पद्मशाली घरांमधली तेलुगू आहे. अ‍ॅपवाले म्हणतात, 'आम्ही मराठीत आहोत.' उघडून बघितलं तर लिहिलेलं असतं, 'हिमोग्लोबिन हे तांबड्या रक्तपेशींमधील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन आहे.' वाक्य बरोबर आहे, आठवीच्या पुस्तकात शोभेल. पण ताईंनी हे विचारलेलंच नव्हतं. आमच्या शिक्षिकाबाईंनी लोकांचे प्रश्न वहीत उतरवून घेतले. ते असे होते : घाबरण्यासारखं आहे का? कामावर जाऊ का? डॉक्टरांकडे आज जायचं की पगार झाल्यावर? कुठल्या डॉक्टरांकडे? किती खर्च येईल? घरात कुणाला लागेल का? 'प्रथिन म्हणजे काय' हे त्या वहीत एकदाही आलं नाही. व्याख्या सांगणं वाईट नाही, पण ती उत्तराच्या जागी बसवली की उत्तर देण्याचं काम टळतं.

शब्दांचीही गंमत आहे, आणि ती जिवावर येते. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं असं आपण शाळेत शिकतो, रिपोर्टमध्ये तो बहुधा वाईट बातमी आणतो. कोविडनंतर हा शब्द निदान लोकांच्या ओळखीचा झाला. पण 'रिअ‍ॅक्टिव्ह', 'ट्रेस', 'इनडिटर्मिनेट'? एका अ‍ॅपने 'इनडिटर्मिनेट'चं मराठी 'अनिश्चित' केलं होतं. काकांनी विचारलं, "म्हणजे मी जगेन की नाही ते अनिश्चित?" सांगायचं एवढंच होतं, 'या वेळी निकाल लागला नाही, नमुना पुन्हा द्यावा लागेल.' त्यासाठी एकही अवघड शब्द लागत नाही.

आकड्यांची भाषा तर वेगळीच. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी प्लेटलेट्सची चर्चा असते. डॉक्टर 'दीड लाख' म्हणतात. एक लॅब छापते १,५०,०००, दुसरी १.५० लाख, तिसरी नुसतं १५० आणि बाजूला बारीक अक्षरात 'हजार'. तिन्ही एकच. पण अ‍ॅपने एकक न बघता तिन्ही एका आलेखावर टाकले, तर प्लेटलेट्स दीड लाखावरून दीडशेवर कोसळल्या असं चित्र दिसेल. आमच्या पहिल्या नमुना-अ‍ॅपमध्ये हेच झालं होतं. हो, आम्हीही एक अ‍ॅप करायला घेतलं होतं, आणि ही चूक आमची होती. लॅबमधल्या आमच्या सहकाऱ्यांनी स्क्रीन बघून डोक्याला हात लावला. दुसरी चूकही सांगून टाकतो. एचबीएवनसीच्या आकड्याला आम्ही सरळ 'मधुमेह आहे' असं वाक्य जोडलं होतं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर हा आकडा खरा आहे त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. ज्या गावात रक्तक्षय घरोघरी आहे तिथे हे एक वाक्य किती जणींना उगीच मधुमेही ठरवेल? एक ओळ वाचताना दुसरी ओळ बघावी लागते. डॉक्टर ते सवयीने करतात. अ‍ॅप ओळ-ओळ सुटी वाचतं. रिपोर्टचा फोटो काढून चॅटबॉटला विचारण्याची पद्धत आता आली आहे. तो ओळी जोडून वाचू शकतो, पण समोरच्याची तब्येत, आधीची औषधं, गरोदरपण यातलं जे त्याला सांगितलं नाही ते त्याला माहीत नसतं, आणि तरी तो अतिशय सफाईदार बोलतो. त्याच्या सफाईची आम्हाला जास्त भीती वाटते.

आता फोन. अ‍ॅप बनवणारा धरून चालतो की एक माणूस, एक फोन. आपल्याकडे खोलीत स्मार्टफोन एखाद्याकडे चांगला असतो, घरात तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. बाईचा रिपोर्ट मुलाच्या फोनवर येतो. नोटिफिकेशनमध्ये तपासणीचं नाव झळकतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माणसाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे. कायदा दवाखान्याच्या दारात पाळला आणि फोनच्या स्क्रीनवर मोडला, तर काय उपयोग? इथे जवळचं एक उदाहरण शिकण्यासारखं आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांसाठी 'तामा' नावाची व्यवस्था केली होती. साध्या फोनवर कॉल येतो, गोळीची आठवण करतो, त्रास होत असेल तर सल्ला ऐकवतो. स्मार्टफोन नको, वाचता येण्याची अट नको. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या हातात नेमकं काय आहे, इथून त्यांनी सुरुवात केली.

सरकारी बाजूही बघू. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतले नमुने 'महालॅब' योजनेत मोफत तपासले जातात. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो आणि रिपोर्ट त्याला जोडता येतो. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायला हवीत. हे सगळं गरजेचं आहे, आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण यातून सुटतो तो कागद पोचवण्याचा प्रश्न. पीडीएफ फोनवर आली म्हणजे माणसाला कळलं, असं होत नाही. टपालखातं सुधारलं, पत्र होतं तसंच राहिलं.

यावर काही डॉक्टर म्हणतात, "म्हणूनच पेशंटने रिपोर्ट वाचू नये, उगाच घाबरतात." हा आक्षेप आम्ही झटकत नाही. पण अमेरिकेत २०२१ पासून तपासणीचे निकाल विनाविलंब पेशंटला दिसायला लागले. त्यानंतर तिथल्या चार मोठ्या वैद्यकीय केंद्रांच्या आठ हजारांहून जास्त लोकांना विचारलं गेलं. २०२३ मध्ये छापून आलेल्या त्या पाहणीत जवळपास ९६ टक्के म्हणाले, डॉक्टरांनी बघितलं नसेल तरी निकाल आम्हाला लगेच हवा. ज्यांचे निकाल बिघडलेले होते त्यांच्यात काळजी जास्त होती, तरी त्यांनाही हवाच होता. ती माणसं ऑनलाइन पोर्टल वापरणारी होती, भिवंडीची नव्हती, हे मान्य. पण इच्छा तीच दिसते. माणसाला स्वतःचं पत्र वाचायचं असतं. त्याला काळोखात ठेवण्यापेक्षा पत्र नीट लिहावं.

नीट म्हणजे कसं? त्या तरुणाचा रिपोर्ट आम्ही पुन्हा लिहून बघितला. डोक्यावर मोठ्या अक्षरात : 'तुम्हाला टीबी आहे, असं ही तपासणी सांगते. टीबी बरा होतो.' त्याखाली : 'मुख्य औषध लागू पडणार नाही अशी खूण मिळालेली नाही. ही चांगली बातमी आहे, पण औषधं घ्यावीच लागतील, साधारण सहा महिने.' मग : 'सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. गावी जायचं असेल तर आधी सांगा, औषध तिथेही सुरू ठेवता येतं.' शेवटी : 'या आठवड्यात दवाखान्यात जा. सोबत राहणाऱ्यांनाही तपासून घ्यायला सांगा.' आणि एक ओळ : 'या कागदावरून आजार किती पसरलाय ते कळत नाही, ते डॉक्टर सांगतील.' मूळ मजकूर आणि आकडे पानाच्या खाली, डॉक्टरांसाठी, जसेच्या तसे. हेच वाक्य बटण दाबलं की हिंदीत, उर्दूत, तेलुगूत ऐकू येतं. रंग एकही नाही.

हे सगळ्याच रिपोर्टसाठी इतकं सोपं नाही. टीबीला ठरलेला रस्ता आहे, मोफत औषध आहे, पाठपुरावा करणारी माणसं आहेत. थायरॉइड किंवा लिव्हरच्या अर्धवट आकड्याला असा एक रस्ता नसतो. तिथे अ‍ॅपने 'यावरून आम्हाला सांगता येत नाही, डॉक्टरांना हे दोन प्रश्न विचारा' असं म्हणावं. ते म्हणायला धाडस लागतं, कारण त्याने तारे मिळत नाहीत.

जाता जाता एक काम देतो. घरी गेल्यावर जुना रिपोर्ट काढा, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये टाका, आणि तीन गोष्टी बघा. थोडं बिघडलेलं आणि खूप बिघडलेलं ते वेगळं दाखवतं का? पुढे काय करायचं आणि कधीपर्यंत, हे सांगतं का? आणि स्वतःला जे कळत नाही ते कबूल करतं का? तिन्हींना 'नाही' आलं, तर ते अ‍ॅप चुकीचं असेलच असं नाही, पण ते तुमच्यासाठी लिहिलेलं नाही.

तो तरुण परत आला. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी त्याचा फोन लागेना म्हणून कारखान्याच्या मुकादमाला गाठलं, मुकादमाने गावी निरोप धाडला. औषधं सुरू झाली, खोलीतल्या बाकीच्यांची तपासणीही झाली. अ‍ॅपने केलेला घोळ एका आरोग्य कर्मचाऱ्याने आणि एका मुकादमाने निस्तरला. आम्ही नव्याने लिहिलेलं पान त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पहले यही लिख देते तो मैं गाँव क्यों जाता?"

आता तुमचे प्रश्न घेऊ.